लॅबताईंची फेरतपासणी

संस्थेत त्यांना नावानं कुणीच हाक मारत नसे. प्राचार्यांपासून दारावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांच्या त्या लॅबताई. दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून असलेल्या लांबट खोलीत बावीस संगणक, एक प्रिंटर आणि काचेच्या कपाटात सदानकदा घुमणारा करडा सर्व्हर, एवढा त्यांचा कारभार. वयाच्या चोविसाव्या वर्षी टायपिस्ट म्हणून त्या इथं लागल्या. टाइपरायटर गेले, संगणक आले, तेव्हा बरोबरीच्या दोघीजणींनी दुसरीकडे नोकरी धरली. लॅबताई मात्र वर्गाच्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या आणि विद्यार्थ्यांच्या जोडीनं प्रोग्राम लिहायला शिकल्या.

शिकल्या त्या अशा, की अकरा वर्षांपूर्वी संस्थेला तपासणीचा प्रोग्राम त्यांनीच करून दिला. त्याआधी शिक्षक विद्यार्थ्यांचे प्रोग्राम डोळ्यांनी वाचून गुण द्यायचे, आणि एका वर्गाचा निकाल लावता लावता पंधरा दिवस सरायचे. लॅबताईंचा प्रोग्राम प्रत्येकाच्या कामाला वीस छोट्या चाचण्या लावायचा. हे आकडे दिले, उत्तर हे यायला हवं; आलं तर बरोबर, नाही तर चूक. सोळा बरोबर आल्या की पास. शिकाऊ माणसाचा प्रोग्राम काय करील याचा नेम नसतो, सर्व्हरवरच्या फायलीही पुसून मोकळा होईल, म्हणून हे सगळं चालायचं एका बंद चौकटीत. तिला या धंद्यात सॅण्डबॉक्स म्हणतात. आत काय वाटेल तो धिंगाणा घाला, बाहेर हात पोचत नाही. एका मिनिटात अडतीस जणांचा निकाल भिंतीवरच्या पडद्यावर. पाहुणे आले की प्राचार्य त्यांना आवर्जून वर आणायचे आणि लॅबताई काही न बोलता एक बटण दाबून दाखवायच्या.

त्या वर्षी संध्याकाळच्या वर्गात एक बस कंडक्टर होता. चव्वेचाळीस वर्षांचा, गणवेशातच यायचा, कारण घरी जाऊन कपडे बदलायला वेळ नसायचा. वर्गातले बाकीचे त्याच्या निम्म्या वयाचे. तो दर ओळ दोनदा तपासून लिहायचा, पुस्तकातल्या तळटीपासुद्धा वाचायचा. दर शुक्रवारी एक काम जमा करायचं असे. पहिल्या चार शुक्रवारांत तो तीनदा नापास झाला. चौथ्यांदा नापास झाला की नाव कमी करायचं, असा नियम होता.

तिसऱ्या वेळी निकाल लागल्यावर तो खोली रिकामी व्हायची वाट पाहत दाराशी उभा राहिला.

"लॅबताई, एक विचारू का? रागावू नका."

"विचारा की."

"हा प्रोग्राम घरी चालतो. मेव्हण्याच्या संगणकावर चालतो. इथं तुमच्या पहिल्या रांगेतल्या संगणकावर मी आत्ता चालवला, वीसच्या वीस बरोबर. पडद्यावर मात्र चौदा."

असलं गाऱ्हाणं लॅबताईंनी अकरा वर्षांत शेकडो वेळा ऐकलं होतं. घरी चालतो, इथं चालत नाही. त्यावरचं उत्तर त्यांच्या जिभेवर तयार असायचं. पण कंडक्टरनं खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. त्यावर चारही शुक्रवारांच्या नोंदी होत्या: किती वाजता जमा केलं, किती चाचण्या बरोबर आल्या.

"ड्यूटी संपवून येतो तेव्हा सहा वाजतात. सगळ्यांत शेवटी माझंच जमा होतं. फक्त दुसऱ्या शुक्रवारी माझी सुट्टी होती, दुपारीच येऊन जमा केलं. त्या दिवशी वीसपैकी वीस. मला यातलं फार कळत नाही, पण उशिरा येणाऱ्याला यंत्र नापास करतं की काय?"

लॅबताई हसल्या. मग हसू ओसरलं. त्यांनी तो कागद मागून घेतला आणि म्हणाल्या, "उद्या शनिवार. तुम्ही ड्यूटीवर जा. मी बघते."

शनिवारी वर्ग नसायचे. लॅबताईंनी सकाळी नऊला कुलूप उघडलं, कंडक्टरचा प्रोग्राम एकटा तपासायला लावला. वीस. सगळ्या अडतिसांच्या यादीत, शेवटी ठेवून लावला. चौदा. पुन्हा एकटा, वीस. पुन्हा यादीत, चौदा. त्यांनी चष्मा पुसला. प्रोग्राम तोच, चाचण्या त्याच, सर्व्हर तोच. फरक एवढाच की आधी सदतीस जण येऊन गेले होते.

त्यांनी यादी निम्मी केली. पहिले एकोणीस आणि कंडक्टर: वीस बरोबर. उरलेले अठरा आणि कंडक्टर: चौदा. म्हणजे कळीचा माणूस या अठरांत होता. अठराचे नऊ केले, नऊचे पाच, पाचाचे दोन. साडेदहाच्या सुमाराला एकच नाव उरलं, आणि ते होतं पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीचं. दर आठवड्याला वीसपैकी वीस घेणारी, सगळ्यांत नीटनेटकं लिहिणारी.

लॅबताईंनी तिचा प्रोग्राम ओळ न ओळ वाचला. टाकीत दिवसभरात किती पाणी आलं याची बेरीज करायची आणि शेवटी टक्केवारी सांगायची, असं काम होतं. टक्केवारी सुबक दिसावी म्हणून ती शेवटी एक ओळ घालायची: यापुढं आकडेमोड तीन अंकांपर्यंतच अचूक ठेव. हा ठरलेला तुकडा ती दर आठवड्याला जोडत होती. तिची स्वतःची बेरीज साध्या आकडेमोडीनं व्हायची, म्हणून तिचं काही बिघडत नव्हतं. पण ती गेल्यावर ही सूचना तशीच राहायची. वर्गातले बहुतेक साधी आकडेमोड वापरत, त्यांना तिचा उपद्रव नव्हता. कंडक्टरनं मात्र तळटीप वाचून अचूक दशांशांची सोय वापरली होती, आणि ती सूचना नेमकी त्या सोयीला लागू व्हायची. त्याचं १२३४.५६ यायचं उत्तर १२३० येत होतं. काळजीपूर्वक लिहिलं होतं, तेच त्याच्या अंगाशी आलं होतं.

मुलीचा दोष नव्हता. कंडक्टरचा तर नव्हताच. लॅबताईंनी स्वतःचा अकरा वर्षांपूर्वीचा प्रोग्राम उघडला आणि तिसऱ्या पानावर त्यांना ते दिसलं. चालू प्रोग्रामला संगणक एक प्रोसेस देतो. म्हणजे त्याची स्वतंत्र खोली, आपली स्मृती, आपल्या आकडेमोडीचे नियम. प्रोसेस संपली की आतलं सगळं पुसलं जातं. लॅबताईंनी चौकटीत एकच प्रोसेस सुरू केली होती आणि सगळ्या वर्गाला एकामागून एक तीतच घेतलं होतं. का, तर नवी प्रोसेस सुरू व्हायला त्या जुन्या सर्व्हरवर दोन सेकंद लागत, आणि तेव्हा त्यांना निकाल मिनिटात लावून दाखवायचा होता. कुंपण भक्कम होतं, पण ते सगळ्यांच्या भोवती एकच होतं. आतल्या एकाचा पसारा दुसऱ्याच्या पायात येणार, हे त्यांच्या तेव्हा ध्यानातच आलं नव्हतं.

लॅबताईंनी प्रोग्राम बंद केला. मग उठून प्राचार्यांच्या खोलीत गेल्या. शनिवारीही ते असत.

सगळं ऐकून प्राचार्य म्हणाले, "कंडक्टरला पास करून टाका. त्याचं नाव यादीत पहिलं घ्या, म्हणजे झालं."

"सर, मग दुसरा कुणीतरी शेवटी जाईल."

"मग काय म्हणणं आहे तुमचं?"

"प्रत्येक चाचणीला वेगळी प्रोसेस. सुरू करायची, एक चाचणी घ्यायची, बंद करायची. मग पुढची."

प्राचार्यांनी हिशेब केला. अडतीस जण, वीस चाचण्या, सातशे साठ वेळा सुरू करायचं. "पंचवीस मिनिटं लागतील. लोक पडद्याकडे बघत बसतील?"

"बसू देत. चुकीचा निकाल लवकर लावून काय करायचं आहे?"

प्राचार्य जरा चपापले. अठ्ठावीस वर्षांत लॅबताई त्यांच्याशी अशा कधी बोलल्या नव्हत्या. "शुक्रवारपर्यंत होईल?" एवढंच त्यांनी विचारलं.

"करते," लॅबताई म्हणाल्या.

सोमवार-मंगळवारात नवा तपासनीस प्रोग्राम उभा राहिला आणि बुधवारी त्यानं लॅबताईंच्या नाकी नऊ आणले. वेळ वाचवायला त्यांनी एका वेळी चार प्रोसेस चालवल्या, तर चौघांनी एकाच नावाची फाइल लिहायला घेतली आणि चौघांची उत्तरं एकमेकांत मिसळली. मग प्रत्येकीला वेगळं फोल्डर दिलं, काम झालं की पुसून टाकायचं. एका विद्यार्थ्याचा प्रोग्राम थांबायचंच नाव घेत नव्हता. दहा सेकंदांनी तो मारायचा, असं त्यांनी लिहिलं होतं. तो मेला, पण त्यानं सुरू केलेल्या उपप्रोसेस मागं जिवंतच राहिल्या. दुपारपर्यंत सर्व्हरमध्ये एकसष्ट पोरक्या प्रोसेस फिरत होत्या आणि कपाटाची काच हाताला गरम लागत होती. गुरुवारी सकाळी त्यांनी तेही बसवलं: मूळ प्रोसेस आणि तिचं सगळं गणगोत एकदम बंद करायचं, आणि मागं काही उरलं नाही ना हे मोजूनच पुढं जायचं.

तरी त्यांचं समाधान होईना. त्यांनी स्वतः वीस वाह्यात प्रोग्राम लिहिले. एक आकडेमोडीचे नियम बदलणारा, एक शेजारच्याची उत्तरं शोधणारा, एक घड्याळ मागं केल्याचा आव आणणारा, एक स्मृती फुगेपर्यंत भरणारा. त्या दिवशी वर्गात त्यांच्याइतकी खोडकर विद्यार्थिनी दुसरी नव्हती. हे वीस त्यांनी खऱ्या अडतिसांत मिसळले आणि यादी सुलट लावली, उलट लावली, पत्त्यांसारखी पिसून लावली. तिन्ही वेळा निकाल अक्षरन् अक्षर सारखा यायला हवा होता. गुरुवारी साडेचार वाजता तो आला. एकट्या अडतिसांना वेळ लागला सात मिनिटं.

शुक्रवारी कंडक्टर सहाला पाच मिनिटं कमी असताना धापा टाकत आला, काम जमा केलं. सात मिनिटं पडदा बघत सगळे बसले. एकोणीस बरोबर, एक चूक. ती चूक त्याची स्वतःचीच होती, आणि कुठं झाली ते समजून घ्यायला तो उत्साहानं पुढच्या बाकावर जाऊन बसला.

गोष्ट इथं संपली असती. प्राचार्यांच्या मते संपलीच होती.

लॅबताईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करत. घराच्या खिडकीशी त्यांचं टेबल होतं आणि त्या टेबलाला हात लावायची घरात कुणाला परवानगी नव्हती. रविवारी सकाळी लॅबताई चहाचा कप घेऊन त्याच्या कडेला उभ्या राहिल्या आणि आठवड्याची सगळी कथा सांगितली. यजमान डोळ्याला भिंग लावून ऐकत होते.

"म्हणजे पुढचे सुटले," ते म्हणाले. "मागचे?"

"मागचं कशाला उकरता, म्हणतात सर."

"तुझं काय म्हणणं?"

लॅबताईंनी चहाचा घोट घेतला.

"मी एकदा घड्याळात घालायचं तेल चुकीचं आणलं होतं," यजमान म्हणाले. "तुला ठाऊक नसेल, लग्नाच्या आधीची गोष्ट. दोन महिन्यांत त्या तेलानं केलेली सगळी घड्याळं मी घरोघर जाऊन मागून आणली."

"सगळ्यांनी तक्रार केली होती?"

"छे, एकानंच. बाकीच्यांना वाटत होतं, आपलं घड्याळ असंच चालायचं."

सोमवारी लॅबताईंनी कपाटाच्या तळाशी ठेवलेल्या जुन्या डिस्क काढल्या. अकरा वर्षांत जमा झालेला एकही प्रोग्राम त्यांनी टाकला नव्हता. दर वर्षीच्या शेवटच्या परीक्षेचे तेवढे निवडले: आठशे चौदा. रोजचं काम सांभाळून, जेवणाच्या सुट्टीत, त्यांनी ते वर्षावार नव्या तपासनीसाकडे दिले आणि जुने निकाल शेजारी ठेवून ताडून पाहिले. दर वर्षी बिघाडाचं कारण वेगळं निघालं. कधी कुणी क्रम लावायची रीत बदलून ठेवली होती, कधी कुणी फोल्डर. तीन आठवड्यांनी यादी पुरी झाली. तेवीस जण उगाच नापास झाले होते. दोघं उगाच पास झाले होते.

ती यादी त्यांनी प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली. प्राचार्यांनी दोनदा वाचली.

"हे बाहेर गेलं तर संस्थेची अब्रू जाईल, लॅबताई."

"जाईल थोडी. पण सर, या तेविसांची आपण आधीच घालवली आहे."

"चूक यंत्राची होती."

"यंत्र माझं होतं. पत्रावर सही मी करते."

प्राचार्यांनी यादी तिसऱ्यांदा वाचली. शेवटी म्हणाले, "सही दोघांची." त्या उगाच पास झालेल्या दोघांचं काय, यावर मात्र त्यांचं एकमत झालं नाही. लॅबताईंना वाटत होतं, त्यांनाही कळवावं. प्राचार्य म्हणाले, दिलेलं काढून घ्यायचं नाही. तो वाद आजही मिटलेला नाही.

तेविसांपैकी वीस जण पुढच्या खेपेला पास झालेले होते. त्यांना पत्रं गेली. उरलेले तिघं तेव्हाच शिक्षण सोडून गेले होते. एकाचा पत्ता लागला नाही. दुसऱ्यानं उत्तरात दोनच ओळी लिहिल्या, की आता मला त्याची गरज नाही, पण कळवलंत हे बरं केलंत. तिसरी एक बाई होती. सहा वर्षांपूर्वीची. पत्र परत आलं, तेव्हा लॅबताईंनी तिच्या जुन्या अर्जावरून तिच्या मावशीला गाठलं आणि मावशीनं सांगितलं, की ती रेल्वे स्टेशनामागच्या मोठ्या लॉण्ड्रीत आहे, इस्त्री विभागाची मुकादम.

बुधवारी अर्धी रजा टाकून लॅबताई तिथं गेल्या. लांबलचक खोलीत वाफेनं काचा धुरकटल्या होत्या. हॉटेलांच्या चादरींच्या चळती छातीपर्यंत उंच. बाईनं त्यांना लगेच ओळखलं आणि ओळखल्यावर तिचा चेहरा कठोर झाला.

"इथं कशा आलात?"

लॅबताईंनी उभ्याउभ्याच सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. काय झालं, का झालं, कुणामुळे झालं.

बाई चादरीची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "मी तेव्हा तुमच्याकडे आले होते, आठवतं का तुम्हाला? म्हटलं होतं, ताई, घरी चालतो हो. तुम्ही म्हणालात, यंत्र कुणाची बाजू घेत नाही, जा, पुन्हा लिहून आण."

लॅबताईंना आठवत नव्हतं. हे सांगणं जास्त जड गेलं. "मला आठवत नाही," त्या म्हणाल्या. "पण मी हेच म्हणाले असणार. सगळ्यांना हेच म्हणायची."

"मी चार रात्री पुन्हा पुन्हा बघितला होता तो. चूक सापडेना. म्हटलं, चूकसुद्धा दिसत नाही म्हणजे आपण अगदीच ढ. मग आलेच नाही."

लॅबताईंनी पिशवीतून संगणक काढला. "तो प्रोग्राम आणलाय. बघणार?"

बाईनं हात पुसले. चादरींच्या चळतीवर संगणक ठेवून दोघी शेजारी उभ्या राहिल्या. लॅबताईंनी चाचण्या एकेक करून चालवल्या. प्रत्येक वेळी दोन सेकंद काहीच नाही, मग ओळ उमटायची. बरोबर. बरोबर. बाई आधी सांगायला लागली, ही चाचणी कशाची असेल ते. बाराव्या चाचणीला म्हणाली, "इथं अडायची भीती होती मला." तिथंही बरोबर आलं. विसावी ओळ उमटल्यावर तिनं सगळ्या ओळी बोटानं मोजल्या. इस्त्रीवरच्या दोघीजणी काय आहे म्हणून बघायला आल्या, त्यांना तिनं हातानंच थांबवलं.

"माफी मागायला आलात ना?" तिनं विचारलं.

"हो."

"ती माझ्याकडून आज मिळणार नाही. तुमच्यावर राग आहे, आणि तो मी एकदम सोडणार नाही." ती शांतपणे बोलत होती. "पण प्रमाणपत्र द्या. त्यावर तारीख आजची नको. तेव्हाची हवी. मी तेव्हाच पास झाले होते."

तारखेवरून प्राचार्यांशी पुन्हा अर्धा तास गेला. छापील नमुन्यात जुनी तारीख बसत नाही, रजिस्टर बंद झालंय, वरच्या कार्यालयाला काय सांगायचं. लॅबताई खुर्चीतून हलल्या नाहीत. जुनं रजिस्टर त्यांनी स्वतः शोधून आणलं, त्या पानावर लाल शाईनं दुरुस्ती लिहिली, खाली कारण लिहिलं, आणि प्राचार्यांसमोर पेन ठेवलं. सही झाली. शुक्रवारी जुन्या तारखेचं प्रमाणपत्र घेऊन त्या लॉण्ड्रीत गेल्या. बाईनं ते वाचलं, तारखेवर बोट ठेवून पुन्हा वाचलं, आणि कपाटात स्वतःच्या डब्याखाली सपाट ठेवलं. "बसा," ती म्हणाली. "चहा येतोय." लॅबताई बसल्या. दोघींनी चहा घेतला.

पुढच्या सोमवारी लॅबताई नेहमीच्या वेळेला खोलीत आल्या. तपासनीस लिहिला त्याच वर्षी त्यांनी हजेरीचाही एक प्रोग्राम लिहिला होता. तो अजून चालू होता, आणि त्याबद्दल आजवर कुणाची तक्रार आलेली नव्हती. त्यांनी चष्मा लावला आणि तो पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.